टाळी वाजवून म्हटलेलं नाव

डायक्लोरोडायफिनाइलट्रायक्लोरोइथेन. डीडीटीचं हे पूर्ण नाव मी आजही एका दमात म्हणते, आणि म्हणताना डोकं तापतं.

आमच्या तांड्यात होळीला डफावर, टाळ्यांवर लेंगीची गाणी म्हणतात. तोंडपाठ करायचं ते मी त्याच चालीत करायची. पाढेसुद्धा तसेच शिकले. बारावीला हे नाव आलं तेव्हा सगळा वर्ग गडबडला. मी त्याचे तुकडे पाडले. डाय म्हणजे दोन, क्लोरो म्हणजे क्लोरीन, ट्राय म्हणजे तीन, शेवटी इथेन. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या अक्षरावर टाळी, आणि जोरही तिथेच. सर खूश झाले. मला फळ्याजवळ उभं करून त्यांनी अख्ख्या वर्गाकडून ते घोकून घेतलं.

केमिस्ट्रीत चांगले मार्क पडले तरच यवतमाळच्या कॉलेजात पाठवीन, असं बानं बजावलं होतं. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले आणि त्यांनी नेमकं हेच नाव विचारलं. माझे हात आपोआप उठले.

"तमाशा आहे का हा? हात खाली!"

हात खाली गेले आणि जीभ अडखळली. क्लोरो, फिनाइल, पुन्हा क्लोरो, सगळा काला झाला. तुकड्यांचे अर्थ सांगते म्हटलं, तर ऐकूनच घेईनात. आमचे सर शेजारी त्यांच्यासाठी चहा ओतत होते. हसून म्हणाले, "तांड्यावरची आहे सर, चालायचंच." काय चालायचं? फळ्याजवळ मला उभं कोणी केलं होतं?

मी बाजूला परीक्षानळ्या धूत राहिले. माझ्यानंतर पांढरकवड्याच्या कापड दुकानदाराची मुलगी बसली. तिनं ओढणीखाली मांडीवर बोटं आपटत, माझ्याच चालीत, तेच नाव म्हटलं.

"व्वा, किती स्वच्छ उच्चार!" परीक्षक म्हणाले.

तिच्यावर माझा राग नाही. हात लपवायचे असतात हे तिला कळत होतं, एवढंच. ते लपवावे का लागावेत, याचाच संताप येतो.

निकालात केमिस्ट्रीच मागे पडली. त्या दिवशी अंगणात मी बाला टाळ्या वाजवून ते नाव पुरं म्हणून दाखवलं, तुकडा न तुकडा समजावला. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुले एवढं येते, त मार्क काहून नाही देल्ले?"

"त्याइनं ऐकूनच नाही घेतलं, बा."

"एवढ्या मोठ्या साहेबाले समजत नसन काय?" बा म्हणाला, आणि यवतमाळचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.