बिनकफिलाचा व्हिसा

श्रीवर्धनच्या अलीकडं, खाडीकाठच्या त्या मोहल्ल्यात व्हिसा म्हणजे काय हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. व्हिसा म्हणजे कफील. तिकडचा मालक आपला जामीन राहातो, पासपोर्ट त्याच्या कपाटात घालतो, तेव्हा कुठं माणसाला कुवेत दिसतं. जुनेराचे अब्बा, करमअली, असेच गेले. एकवीस वर्षं राबले आणि गुडघे तिकडंच ठेवून आले. त्यांचा धाकटा भाऊ अल्तमशही गेला, पण तो परत आला तो व्हिसाचा हकीम होऊन. गावात कुणाचा पासपोर्ट आला की आधी अल्तमशचाचाच्या ओटीवर जायचा.

म्हणून जुनेरानं जेव्हा सांगितलं की ती पोर्तुगालला चाललीय आणि तिकडं तिला कुणी नोकरीला ठेवलेलं न्हाय, तेव्हा चाचानं चहाची बशी खाली ठेवली.

"मग तुला बोलावतंय कोन?"

"कोनी न्हाय. मीच जातेय."

"फिरायला?"

"कामाला."

"कामाला, आनि मालक न्हाय." चाचा करमअलीकडं वळला. "भाईजान, पोरगी जरा जास्तच शिकली."

शिकली होती खरी. मुंबईत आर्किटेक्टची डिग्री घेतली, दोन ऑफिसं धरली आणि सोडली, कारण दोन्हीकडं तिला टॉवरच्या संडास-बाथरूमांचे नकाशे काढायला बसवलं. गावी येऊन ती जुन्या घरांना भिडली. जांभ्याच्या भिंतीला सिमेंट फासलं की ओल आत कोंडते. तिथं शिंपल्या भाजून केलेला चुनाच लागतो. शिकून गवंडी झाली म्हणून लोक हसले. तिनं हसणाऱ्यांच्याच भिंती खरवडल्या आणि कोरड्या करून दिल्या. त्याच भिंतींची मापं, फोटो, चुन्याचं प्रमाण बघून लिस्बनच्या दोन ऑफिसांनी तिला घरबसल्या काम दिलं. आता त्यांना ती तिथं, भिंतीला हात लावून हवी होती. पगारी नोकर म्हणून न्हाय, करारावर. असं स्वतःचं काम करणाऱ्या पदवीधरांसाठी तिकडं तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा असतो. डिग्री, करार, बँकेचे कागद, पोलिसांचा दाखला. अलिबागला खेपा घालून फाईल तिची तिनंच बांधली.

तरी अर्जाच्या दिवशी चाचा इस्त्रीचा शर्ट घालून दारात. "खिडकीशी बाईमानूस एकटी दिसली की हाकलतात." मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या रो-रो बोटीवर ती वडापाव आणायला रांगेत उभी राहिली, तेवढा वेळ फाईल चाचाच्या मांडीवर होती.

व्हिसा सेंटरच्या काउंटरवर हेमाली नावाची पाटी लावलेली मुलगी कागद चाळत होती. एका पानावर थांबली.

"मॅडम, तुम्ही नोकरी करता की स्वतःचं काम?"

"स्वतःचं."

"मग हे काय?"

दुबईच्या कुठल्याशा ठेकेदार कंपनीचं पत्र. जुनेरा चार वर्षं आमच्याकडं नोकरीला आहे. खाली चाचाच्या जुन्या दोस्ताची सही आणि पुरीएवढा गोल शिक्का.

जुनेरानं मागं बघितलं. चाचा छताच्या पंख्याकडं बघत होता.

"चार वर्षं दुबईत, आणि पासपोर्टवर तिथला एक शिक्का नाही," हेमाली हळू आवाजात म्हणाली. "शिवाय नोकरी दाखवली तर हा अर्जच बसत नाही. अजून स्कॅन केलेलं नाही. ठेवू?"

चाचा पुढं सरकला. "ठेव गो. शिक्का हाय त्याच्यावर. तुज्या कागदांवर जिथं तिथं तुजीच सही."

"काम माजं हाय, चाचा. मग सही कोनाची असनार?"

"मागं मानूस पाहिजे."

"अब्बांच्या मागं मानूस होता. दादी गेली तेव्हा त्या मानसानं पासपोर्ट सोडला न्हाय. सोताच्या आईचा जनाजा अब्बांनी फोनवर ऐकला. तसला मानूस मला नको."

तिनं पत्राची चौघडी घातली आणि चाचाच्या इस्त्रीच्या खिशात सरकवली. "दोस्ताला सलाम सांगा."

"मग नोकरीचा काही पुरावा उरत नाही हं," हेमाली म्हणाली.

"नाहीच आहे. तसंच जाऊ दे."

परतीच्या बोटीत चाचा दुसऱ्या बाकावर बसला. गावात शिरता शिरता त्यानं चार जणांना सांगितलं की अर्ज फेटाळला जानार, लिहून घ्या.

घरी जुनेरानं अब्बांना विचारलं, "पत्राचं तुमाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग?"

करमअली गुडघा चोळत राहिले. "भ्यालो गो."

ती आत जाऊन भाकऱ्या थापायला बसली. पुढचे दोन महिने चाचा तिच्याशी बोलला न्हाय. तीही ओटीवर मनवायला गेली न्हाय. मोहल्ल्यातल्या नाख्वांच्या घराच्या मागच्या भिंतीचं चुन्याचं काम अर्धं राहिलं होतं, ते तिनं हाती घेतलं.

पासपोर्ट आला तेव्हा मात्र चाचा पोस्टमनच्या मागोमाग घरात शिरला. चष्मा लावून त्यानं व्हिसाच्या पानावर बोट फिरवलं, वरून खाली, मग पुन्हा वरून खाली.

"कंपनीचं नाव कुठं हाय?"

"न्हाय."

"कफिलाचं?"

"तेपन न्हाय."

त्यानं पान उजेडाकडं धरलं, आत कुठं छापलं असेल तर दिसावं म्हणून. मग विचारलं, "आनि तिकडं ह्यो पासपोर्ट ठेवायचा कोनाकडं?"

जुनेरानं तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"माज्या कपाटात."