कोरा पंधरवडा

आमची सून प्रणिता कशालाच मानत नाही. उपास नाही, मुहूर्त नाही. मला म्हणते, "आई, माझ्या वाटचंही तुम्हीच मानता ना, मग झालं."

तिचं काम ऐकून मी हसलेच होते. युरोपातले सत्तावीस देश पुढच्या सात वर्षांचा खर्च एकत्र ठरवतात, आणि कुणी किती घालायचे यावर दोन-दोन वर्षं भांडतात. त्यातल्या एका लहानशा देशाने इथल्या, सिंगापुरातल्या वन-नॉर्थ भागातल्या हिच्या कंपनीचा सल्ला घेतलेला. कुठल्या देशाला कधी भेटायचं, आधी कुणाला गोड बोलायचं, याचं वर्षाचं वेळापत्रक प्रणिताने केलं. तोआ पायोहच्या आमच्या स्वयंपाकघरात बसून, समोर भिंतीवर मराठी कॅलेंडर.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात ती एकदा भरदुपारी घरी आली. ऑफिसने लॅपटॉप काढून घेतला होता. सप्टेंबरच्या चौदापासून अठ्ठावीसपर्यंत मोठे देश आपसात भेटणार, आणि नेमका तोच पंधरवडा हिने कोरा सोडलेला. म्हणजे हिला कुणीतरी फोडलं, असं ऑफिसचं म्हणणं! नोकरी गेली तर इथे राहायचा पास जाणार, आणि माझा नि माझ्या मुलाचा, सारंगचा पासही तिच्याच नोकरीवर.

सारंगने विचारलं, "कुणाशी काही बोलली होतीस का?"

"तूसुद्धा?" ताट सारून ती उठली.

शंका मलाही आली, खोटं कशाला लिहू? तिची नवी पर्स मी त्याच आठवड्यात पाहिली होती.

मग मी तारखा पुन्हा विचारल्या. "अगं, हा तर पितृपंधरवडा!"

ती कॅलेंडरकडे बघतच राहिली. न मानणाऱ्या बाईचा हात तेवढे दिवस आपोआप ओलांडून गेला होता.

"हे ऑफिसात सांगू? म्हणतील, छान रचलंस."

"म्हणू देत. सांग."

तिचा साहेब विवेक, कोथरूडचा. कॅलेंडरचं पान बघून म्हणाला, "सबब सोयीची आहे." प्रणिताने वेळापत्रकाखालची मंजुरीची सही दाखवली. त्याचीच होती. कोरे पंधरा दिवस त्यालाही खटकले नव्हते.

पान परत देत म्हणाला, "आमच्याकडेही या दिवसांत काही चालत नाही."

नोकरी राहिली. पंधरवडा बैठकांनी भरला. पण त्या देशाने तिच्यावर आपला एक माणूस नेमला, प्रत्येक तारीख तपासायला. पुढचं वेळापत्रक त्यानेच केलं, आणि नाताळाचा पंधरवडा सबंध कोरा.

प्रणिताने सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "तुम्हाला कुणी फोडलं?"