मुद्देमालातला घोडेस्वार

ती आजी आणि तिचा तांब्याचा देव, दोघं बी अजून माझ्या डोळ्यापुढनं हालत न्हाईत. नोकरीत खून बघितलं, दरोडं बघितलं, ती समदी विसरलो. ह्ये मातूर न्हाय.

आधी माझं सांगतो. मी खात्यात भरती झालो त्यो छातीच्या मापावर, डोस्क्याच्या न्हवं. सातवी पास, ते बी मास्तरांच्या म्हशीला पाणी दाखवायचो म्हणून. शेवटी सहायक फौजदार झालो, कारण माझ्या म्होरची माणसं एक तर वर गेली न्हाय तर लई वर गेली. तवा माझ्याकडनं शहाणपणाची आशा धरू नका.

चैत्र सुरू झालेला. निम्मं ठाणं जोतिबाच्या डोंगरावर बंदोबस्ताला. मला खाली ठेवलेलं, कारण आदल्या यात्रंत मी गर्दी आवरायच्या ऐवजी गर्दीनंच मला उचलून पायऱ्या चढवलेल्या. तर ठाण्यात बसून माशा मारत हुतो आणि गुजरी पेठेतनं एका सराफाचा फोन आला.

"मामा, एक म्हातारी आलीया. कायतरी जुनं नाणं घिऊन. चोरीचं असंल तर माझ्या गळ्यात नको. चहा पाजून बसवलीया, लगोलग या."

गेलो. दुकानाच्या पायरीवर वाळकी, ताठ कण्याची म्हातारी बसलेली. मांडीवर लाल फडकं. जोतिबाच्या पायथ्याच्या गावची. म्हणाली, "देवाला चांदीची कड बसवायची हाय लेकरा. औंदा डोंगरावर भेटीला न्यायचा हाय."

आमच्याकडं ही रीत हाय. देव्हाऱ्यातला टाक, म्हंजी देवाचं रूप उठवलेला पत्रा, डोंगरावर न्यायचा, मूळ देवाच्या पायाला लावायचा आणि परत आणायचा. तसं केलं न्हाय तर देव घरात राहत न्हाय म्हणत्यात.

फडकं उघडलं. अंगठ्याएवढं तांबं, हळदीकुंकवानं भरलेलं. घोड्यावर स्वार, हातात भाला, खाली वेटोळं घातलेलं जनावर. मी टोपी काढून हात जोडलं.

सराफ म्हणाला, "हात काय जोडताय मामा? टाक पातळ असतोय, मागनं ठोकून उठवलेला. ह्ये जाड हाय. आणि मागं बघा, अक्षरं हाईत. नाणं हाय ह्ये."

म्हातारी खवळली. "नाणं तुझ्या गल्ल्यात! ह्यो जोतिबा हाय. खाली पडलाय त्यो रत्नासूर. डोळं फुटलं काय तुझं?"

मला तिचंच पटलं. पण कायदा माझ्या पटण्यावर चालत न्हाय, म्हणून दोघांस्नी, म्हंजी आजीला आणि देवाला, ठाण्यात आणलं. डायरीला नोंद केली, पंच बोलावलं. पंच म्हंजी समोरचा चहावाला आणि सायकलवाला. दोघं आधी मुद्देमालाच्या पाया पडलं आणि मग त्यांनी पंचनाम्यावर सह्या केल्या.

आमचं साहेब तरणं, शिकलेलं. त्यांचं डोळं चमकलं. "काका, कुठंतरी हंडा निघालाय. अजून नाणी असणार. हे कुठलं आहे ते आधी शोधा. ओळख पटल्याशिवाय पुढं जाता येणार नाही."

ओळख पटवणं ह्ये माझं आवडतं काम. चोरीची म्हस मी शिंगावरनं वळखायचो. भिंग घेतलं आणि मागच्या ओळी बघून छातीठोक सांगितलं, "मोडी हाय साहेब. शिवकाळातलं." साहेबांनी वर सुदीक बघितलं न्हाय. मशिदीतल्या मौलवींस्नी दाखवलं. ते म्हणाले, "अपना नहीं चाचा." जयसिंगपूरचं एक जैन व्यापारी तक्रार द्यायला आलेलं, त्यांना कानडी यायचं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "कानडी न्हवं ओ हे. आणि मामा, तुमी उलटं धरलंय."

शेवटी साहेबांनी पुण्याच्या एका मॅडमला मोबाईलवर फोटो धाडलं. त्या जुन्या नाण्यांतल्या जाणकार. त्यांचा फोन आला तवा साहेब जेवायला गेलतं, म्हणून मी घेतला.

"स्वाराच्या डोक्यामागं गोल आहे का?"

"हाय की. प्रभावळ."

"भाला खाली रोखलेला?"

"व्हय. रत्नासुराच्या नरड्यात."

"कुणाच्या?"

"जाऊ द्या मॅडम, म्होरं इचारा."

"मागं चार ओळी आहेत ना? आता जरा तिरकं धरा. घोड्याच्या पायाशी दुसरं काही पुसट दिसतंय?"

तिरकं धरलं. घोड्याच्या पोटाखालनं अर्धं तोंड माझ्याकडं बघत हुतं.

मॅडम म्हणाल्या, "मग तेच. आठ-नऊशे वर्षांपूर्वी युरोपातले ख्रिस्ती सरदार क्रूसावर हात ठेवून लढायला निघाले आणि सीरियाच्या बाजूला राज्यं करून बसले. त्यांच्यातलं अँटिओकचं नाणं आहे हे. घोड्यावरचा त्यांचा संत, अजगर मारणारा. मागं राजाचं नाव, ग्रीक अक्षरांत. आणि ते अर्धं तोंड आधीच्या नाण्यावरचं. जुन्या राजाच्या नाण्यावरच नव्यानं आपला ठसा मारला."

"आणि आमच्या पन्हाळ्याच्या खाली कसं आलं म्हणायचं?"

"जहाजातून, कुणा व्यापाऱ्याच्या पिशवीतून, कसंही. नक्की कुणीच सांगू शकणार नाही."

मग मी मुद्द्याचं इचारलं. "आजीला परत मिळंल का?"

"घरात पिढ्यान्‌पिढ्या वारशानं आलेलं असेल तर अडचण नसावी. जमिनीतून निघालं असेल तर मात्र निखात निधी. ते सरकारकडं जातं."

मला गुदगुल्या झाल्या. एका वाक्याचा प्रश्न हुता. वाडवडलांपास्नं देव्हाऱ्यात हाय, आसं आजीनं म्हणायचं, मी लिवायचं, आजी संध्याकाळच्या यष्टीनं देव घिऊन घरला.

आजी बाकड्यावरनं उठलीच न्हवती. देवाबिगार जात न्हाय म्हणायची. जबाब घ्यायला बसलो. पंच हजर.

"आजी, देव तुमच्या सासरचा न्हवं?"

"व्हय."

"सासऱ्याच्या बापापास्नं, त्यांच्या आज्यापास्नं चालत आलेला?"

"न्हाय की!" आजी सावरून बसली. "सोनारानं घडवलेला देव न्हवं आमचा. सासऱ्यानं हीर खणली तवा मातीतनं आपसूक वर आला. टिकाव लागला न्हाय, का पहार लागली न्हाय."

माझं पेन थांबलं. "आजी, आसं म्हणा की, लई जुना हाय, कुठनं आला ठावं न्हाय."

"का म्हणू? चोरून आणलाय व्हय? टाक समद्या गावात घरोघरी हाईत. जमिनीतनं आलेला फकस्त आमचा. समद्या गावाला इचार!"

मी डोळा मारला. तिला वाटलं माझ्या डोळ्यात कचरा गेलाय, ती फुंकर मारायला वाकली. मी हळूच म्हटलं, "आजी, ह्येनं देव जाईल तुमचा."

"खरं बोलल्यावर देव जातोय व्हय?" ती वराडली. तिला वाटत हुतं, ह्यो पोलीस आपल्या देवाला खोटा ठरवायला बसलाय. म्हणून ती आणखी मोठ्यानं, हिरीचा काठ, सासऱ्याचं नाव, नारळ फोडला ती जागा, समदं सांगत सुटली. साहेब दारात हुभं. म्हणाले, "लिहा काका. जसंच्या तसं."

लिवलं. वाचून दाखवलं. एकेका वाक्याला ती मान हालवत हुती, कुणीतरी आरती म्हणावी आणि तिनं ऐकावी तशी. "अंगठा देतो की, आण," म्हणाली.

मग देव पाकिटात घालून वर लाख वितळवली, लाल. आजी म्हणाली, "शेंदूर लावला व्हय? लावा. आता न्यू का?"

मी लाखंवर शिक्का दाबला. त्या तांब्यावर आधी एका राजाचा ठसा, त्यावर दुसऱ्याचा, त्यावर आजीचं कुंकू, आणि समद्यांच्या वर आमच्या ठाण्याची लाख.

आजी यात्रंला गेली. मोकळं लाल फडकं घिऊन गेली आणि तेच देवाच्या पायाला लावून आणलं.

त्यानंतर दर ऐतवारी ती ठाण्यात यायची. मुद्देमालाच्या खोलीला कुलूप. उंबऱ्यावर गुलाल टाकायची, "चांगभलं" म्हणायची. कारकून ओरडायचा, "आजी, फरशी कोण पुसणार?" ती निवद माझ्याकडं द्यायची. आत न्यायची सोय न्हवती, म्हणून त्यो मीच खायचो. कागदावर मी तपासी अंमलदार, खरं बघितलं तर देवाच्या वाटणीची पुरणपोळी खाणारा.

"खाल्ला का देवानं?" ती इचारायची.

"खाल्ला आजी."

"अंगात जरा मांस आलं का त्याच्या?"

मी माझ्या पोटावरनं हात फिरवायचो. म्हणायचो, "आलं की."

आणखी नाणी शोधायला साहेबांनी ती हीर उपसली. गाळ निघाला, एक फुटकी कळशी निघाली. हंडा कुठला असतोय! मग एका ऐतवारी उंबरा कोरडाच राहिला. म्होरल्या ऐतवारी बी. गावात फोन लावला. आजी गेलती. जाताना देव्हाऱ्यातल्या मोकळ्या जागेकडंच बघत हुती, कुणाचं तोंड बघितलं न्हाय म्हणं.

जिल्हाधिकारी साहेबांचा हुकूम झाला, पाकीट सरकारी संग्रहाकडं गेलं. निवृत्त झाल्यावर मी बघायला गेलतो. वाटलं, काचंत असंल, दिवा असंल, खाली त्या राजाची गोष्ट लिवलेली असंल. तिथल्या माणसानं लई येळानं खण उघडला. कुंकू न्हाय, हळद न्हाय, लाख न्हाय. स्वच्छ पुसलेलं. चिठ्ठीवर: तांब्याचे नाणे, एक, झिजलेले.

म्हटलं, "साहेब, ह्याच्यावर स्वार हाय. संत हाय त्यो. मागं चार ओळी हाईत. तिरकं धरा, खाली दुसऱ्या राजाचं तोंड दिसंल."

"असेल की पावणं. नोंद झालीय ना? मग झालं." खण बंद.

उभ्या नोकरीत मला एकच शिकवलेलं, वळख पटली की काम फत्ते. मढ्याची पटवा, म्हशीची पटवा, नाण्याची पटवा. ह्या एका केसनं शिकवलं की, वळख पटवताना आमी कुणालाच इचारत न्हाय, ह्येला आतापतुर कोण काय म्हणून हाक मारत हुतं. आजीला वळख हुती. तिच्यापाशी त्यो देव हुता. मॅडमपाशी क्रूसवाल्यांचं नाणं हुतं. आमच्या हातात आल्यावर त्यो कुणीच राहिला न्हाय.

त्या संग्रहात जाताना खिशात चिमूटभर गुलाल नेलता. टाकायचं धाडस झालं न्हाय, तसाच परत आणला. बायकोनं सदरा धुतला तवा बादलीभर पाणी गुलाबी झालं. "आता ह्या वयात कुठं मिरवणुकीत नाचून आला?" म्हणाली.

मी म्हटलं, "नाचलोच न्हाय."