गेटवरची चौकशी

कंपनीतल्या त्या वर्षाबद्दल कुणी विचारलं की मी तिथं काय काय शिकले ते त्यांना ऐकायचं असतं. मला आधी आठवतो तो रबराचा वास. केसांना, डब्याच्या पिशवीला, रविवारी गावी गेले तर तिथल्या गोधडीलाही. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपल्यावर आमच्या कॉलेजात एक सोय होती. वर्षभर एखाद्या कारखान्यात काम करायचं आणि मग परत येऊन शेवटचं वर्ष पूर्ण करायचं. मी मोठ्या हौसेनं अर्ज केला आणि वाळूजमधल्या एका कारखान्यानं मला घेतलं. तिथं गाड्यांचे रबरी भाग बनायचे.

डिझाइन शिकवू म्हणाले होते. हातात दिलं ते गेज, म्हणजे माप तपासायचं लोखंडी साधन. भाग त्यात नीट बसला की हिरव्या क्रेटमध्ये टाकायचा, नाही बसला की लाल. दिवसभर तेच. सुरुवातीला मला भयंकर राग यायचा, आणि माझा राग घरात प्रसिद्ध आहे. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडलेसुद्धा. ते म्हणाले, बघू. मग हळूहळू राग येईनासा झाला. मी शहाणी झाले, असं मला तेव्हा वाटलं. पण राग गेला तसं बाकीचंही गेलं. मैत्रिणीचा फोन उचलायचं जिवावर यायचं. खोलीवर आलं की चपला न काढता कॉटवर बसून राहायची. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. काहीच नव्हतं.

इकडे गावी, देवगाव रंगारीजवळ, बाबांनी पोरगी कंपनीत लागली असं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्यांच्या लेखी कंपनीची बस न्यायला येते आणि कंपनीचे बूट मिळतात, म्हणजे माणूस नोकरीला लागला. आमच्याकडे सगळे असंच समजतात. नुसतं शिकायला कुणी वर्षभर कंपनीत जातं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. मी एकदा समजवायला गेले. ते शेतात आल्याच्या पिकाला पाणी देत होते. म्हणाले, "व्हय व्हय, आधी ट्रेनिंगच असतं." मी नाद सोडला.

उन्हाळ्याच्या तोंडावर साहेबांनी विचारलं, थांबतेस का, आहे त्याच कामावर ठेवून घेऊ. विचार करून सांगते म्हटलं आणि विचार केलाच नाही. शेवटचं वर्ष झालं काय नि राहिलं काय, मला सारखंच झालं होतं.

त्यातच एक स्थळ आलं. खुलताबादकडचं बागायतदार घर, मुलगा शहरात नोकरीला. त्यांना नोकरीवालीच सून हवी होती. बाबा फोनवर इतके खूश होते की मी नुसतं हं हं करत राहिले.

स्थळ आलं की आमच्याकडे गुपचूप चौकशी होते. पूर्वी ती गावच्या पारावर व्हायची, आता कंपनीच्या गेटवर होते. माणूस खरंच आत कामाला आहे का, पक्का आहे की ठेकेदाराचा, हे वॉचमनला चहा पाजून काढून घ्यायचं. माझ्या चुलत बहिणीच्या वेळी आमचे काका असेच एका गेटवर जाऊन आले होते. माझ्या चौकशीला मुलाचे मामा आले. आमचे वॉचमनकाका पडले भले. एवढ्या उन्हात पोरीचे पाहुणे आलेत म्हणून त्यांनी सरळ आत फोन लावला आणि मलाच बाहेर बोलावलं.

डोक्यावर टोपी, पायात बूट, हात काळे, अशी मी गेटवर आले. मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. जिची गुपचूप माहिती काढायची तीच समोर येऊन नमस्कार करत होती. वॉचमनकाकांनी सावलीत दोन खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं आणि मोठ्या समाधानानं बाजूला झाले.

मामा घाम पुसत राहिले. मग म्हणाले, "आता आलोच हाय तर तुलाच इचारतो, बाई. तू हितं पक्की हायस ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. मामांना हो, संध्याकाळी साहेबांना हो, की पुढचं सगळं आपोआप झालं असतं. हो माझ्या ओठांवर आलंही होतं. आणि एवढ्या महिन्यांनी मला राग आला. मामांचा नाही, बाबांचाही नाही. माझं सगळं परस्पर ठरत होतं आणि मी ते बघत बसले होते, याचा आला.

"नाही," मी म्हणाले. "मी इथं वर्षभर शिकायला आलेय. जूनमध्ये परत कॉलेजला जाणार आहे. बाबांचा गैरसमज झालाय. ते खोटं बोलले नाहीत."

सांगितलंस ते बरं केलंस, मामा म्हणाले, ग्लासातलं पाणी संपवलं आणि गेले. मी परत आत गेले, साहेबांना थांबणार नाही म्हणून सांगितलं आणि गेज हातात घेतलं.

स्थळ अर्थातच मागं फिरलं. रविवारी गावी गेले तेव्हा आईनं दारातच हळूच सांगितलं की बाबा चार दिवस पाराकडे फिरकले नाहीत. जेवताना ते माझ्याशी बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी मला मोटारसायकलवरून एसटीला सोडायला मात्र तेच निघाले.

स्टँडवर त्यांच्या ओळखीच्या एकानं हटकलं, पोरगी निघाली का कंपनीत म्हणून. मी खाली बघत उभी राहिले.

"ती कंपनीत लागल्याली नाय," बाबा म्हणाले. "शिकती अजून. एक वर्ष ऱ्हायलंय तिचं."

बस लागली. बाबांनी माझी पिशवी खिडकीतून आत टाकून जागा धरली. मी बसले, त्यांना येते म्हणायला गेले आणि एकदम रडू फुटलं. बाबा खिडकीच्या गजाला धरून उभे होते.

"रडती कशाला, माय," ते म्हणाले. "जून काय लांब नाय."