नवऱ्याच्या नावावरचं दुखणं

भाईंदर पश्चिमेला डॉ. स्वरूप यांच्या दवाखान्यात वैजयंता सोनकांबळे एकोणीस वर्षं कंपाउंडर आहे. नांदेडकडून लग्न होऊन आली, दुसऱ्याच वर्षी औषधांच्या खिडकीमागे बसली, ती आजतागायत. डॉक्टर हाताला गुण असलेले आणि फी बेताची, त्यामुळे सकाळी नऊला दारात साठ माणसं आणि एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटं. मग दवाखान्यानं एक रीत पाडली. नेहमीचंच दुखणं असेल तर डॉक्टरांपर्यंत जायचं नाही. खिडकीशी येऊन "तेच द्या" म्हणायचं, की वैजयंता घराचं कार्ड काढून पुड्या बांधणार. सगळ्यांची सोय झाली. पण सोयीची एकदा सवय लागली की ती सुटता सुटत नाही.

कार्ड घरटी एकच, आणि वर नाव कर्त्या पुरुषाचं. आत सगळ्या घराची दुखणी एकाखाली एक.

त्या गुरुवारी साडेअकराला चंद्रावती खिडकीशी आली. कोळीवाड्यातली, साठीला टेकलेली, बाजारात मासे विकून विकून आवाज खणखणीत झालेली बाई. आज मात्र तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. तिनं खिडकीची चौकट धरून ठेवली होती.

"ह्यांना बरं न्हाय," ती म्हणाली. "छातीत जड वाटतंय. जबडा भरून येतो, घाम सुटतो. डॉक्टरला जरा इचारून ये."

वैजयंता आत गेली. डॉक्टर कुणाचा तरी घसा तपासत होते. तिनं चंद्रावतीच्या नवऱ्याचं सांगितलं तसा त्यांनी टॉर्च खाली ठेवला.

"रामनाथला? छातीत जड, वर जबडा आणि घाम? त्याला आत्ताच्या आत्ता आणायला सांगा. रिक्षानं. एक पायरीसुद्धा चढायला लावू नका."

वैजयंतानं खिडकीशी येऊन तसं सांगितलं, तशी चंद्रावतीनं मान हलवली. "आणते," म्हणाली आणि वळली.

वैजयंतानं नेहमीच्या सवयीनं रामनाथचं कार्ड काढलं आणि तिचा हात थांबला. सोमवारीच रामनाथ स्वतः येऊन बोटीवरची औषधं घेऊन गेला होता. बोट निघायच्या आधी तो नेहमी नेतो, उलटीच्या, तापाच्या, अंगदुखीच्या गोळ्या. आठ दिवसांनी येतो म्हणाला होता. मुलगा विकीही बोटीवरच. मग घरी घाम कुणाला सुटलाय?

तिनं कार्ड उलटलं. चंद्रावती, छातीत जळजळ, गॅस. चंद्रावती, दम लागतो, गॅस. महिनाभरात तीनदा, डॉक्टरांच्या अक्षरात. आणि त्याखाली दोनदा 'तेच औषध', ते तिच्या स्वतःच्या अक्षरात.

खिडकी सोडून जायची तिला परवानगी नव्हती. मागच्याच महिन्यात ती एका पेशंटबद्दल आपलं मत बोलली, तर "डॉक्टर तुम्ही का मी?" असं चारचौघांत ऐकावं लागलं होतं. तरी ती उठली. रांगेतला एक जण म्हणालाच, "मॅडम, मेरा नंबर है, आप किधर चली?" वैजयंतानं वळून पाहिलं नाही.

चंद्रावती पलीकडच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"मावशी, काका तर दर्यावर आहेत. दुखतंय कुणाला?"

चंद्रावतीनं पदरानं घाम पुसला. मग म्हणाली, "मनाच दुखतंय. घरी जाऊन सुनेला सांगते, मग येते."

"घरी नाही जायचं. चला आत."

दाराशी गर्दीनं कुरकुर केली. वैजयंतानं खांद्यानं वाट काढली. आत डॉक्टर वैतागलेच. "मावशी? अहो, यांचं नेहमीचं गॅसचं..."

"सर, रामनाथकाका बोटीवर आहेत. मघाशी सांगितलं ते सगळं यांनाच होतंय. आधी कार्डिओग्राम काढा." एकोणीस वर्षांत तिनं पहिल्यांदाच साहेबांचं वाक्य तोडलं होतं. ती दारातून हलली नाही.

मशिनवरचं कव्हर निघालं. कागदाची पट्टी सरकू लागली. डॉक्टरांनी ती पाहिली, पुन्हा पाहिली, आणि चंद्रावतीच्या हातात चावायला गोळी दिली. मग बाहेर जाऊन त्यांनी उरलेल्या माणसांना घरी जायला सांगितलं.

रिक्षात चंद्रावती मध्ये, दोघं दोन बाजूंना. सिग्नल सुटता सुटेना. डॉक्टर नाडी धरून बसले होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "मावशी, काकांचं नाव कशाला सांगितलंत?"

"माजं सांगत व्हते तवा तुमी मान पन वर न्हाय केली," चंद्रावती म्हणाली. तिला दम लागत होता, तरी ती थांबत थांबत बोलली. "बोलले, गॅस हाय, टेन्शन घेऊ नका. मंग म्हटलं, हेच ह्यांचं म्हणून सांगून बघू, डॉक्टर काय बोलतात."

डॉक्टरांनी तिचा हात सोडला नाही, पण त्यांना तिच्याकडे बघवेना.

हॉस्पिटलात तिला थेट आत नेलं. सून आली, रडली, सह्या केल्या. दुपारी तीनला निरोप आला की हृदयाची बंद नस मोकळी झालीय, बाई शुद्धीवर आहे. सून आत धावली. बाहेरच्या बाकड्यावर डॉक्टर आणि वैजयंता दोघंच उरले. सकाळपासून कुणाच्या पोटात चहासुद्धा नव्हता.

"वैजयंता," डॉक्टर म्हणाले, "अशा किती बायकांना मी गॅस सांगितला असेल?"

त्यांना उत्तर नको होतं, दिलासा हवा होता. वैजयंताला ते कळलं. पण पुड्या तिनं बांधल्या होत्या, आणि नावं तिला तोंडपाठ होती.

"भाजीवाली दुर्गा," तिनं सुरुवात केली. "शाळेतल्या स्वाती मॅडम. समिधाची आई..."

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. "सावकाश," ते म्हणाले. "लिहून घेतो."