मारुतरावनगरची बिनविरोध निवडणूक

पप्पूला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. चार माणसांनी त्याला सरपंच म्हणावे. सरपंच होऊन काम काय करायचे, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. सरपंचाला काही काम असते, हे त्याने घरात पाहिलेच नव्हते. वडील मारुतराव सरपंच होते, तेव्हा ते चावडीच्या ओट्यावर बसून सुपारी कातरत आणि येणारा-जाणारा वाकून रामराम करी. पप्पूला तो रामराम हवा होता.

निमोण्याकडच्या त्यांच्या वाडीत दोन हजार सात साली निवडणूक झाली आणि पप्पू स्वतःच्याच वॉर्डात पडला. भावकीनेच पाडला. काही दिवस तरी पोराने गावात तोंड दाखवू नये, म्हणून मारुतरावांनी त्याला शिरूरच्या एसटी स्टँडसमोर सायबर कॅफे काढून दिला. पप्पू बी.ए. होता. त्या पदवीचा आणि संगणकाचा संबंध एवढाच, की दोन्ही गोष्टी वडिलांनी मिळवून दिल्या होत्या.

गल्ल्यामागे बसून जांभया देताना त्याला ते जग सापडले. एका परदेशी कंपनीने इंटरनेटवर वसवलेले. तिथे जमीन भाड्याने मिळे, तिच्यावर हवे ते बांधता येई, आणि जगातला कोणीही माणूस पडद्यावर आपले एक बाहुले करून तिथे हिंडे, टाइप करून दुसऱ्यांशी बोले. एखाद्या शहाण्याने तिथे आधी चार ओळखीची माणसे जमवली असती. पप्पूने आधी कमान बांधली. कमानीवर स्वतःचा फोटो लावला, हात जोडलेला, गॉगल घातलेला. गावाला नाव दिले मारुतरावनगर.

"माझ्या नावाचं?" मारुतराव म्हणाले. "आरं, मी अजून जिता हाय की! पुतळ्याचं तरी थांबलास का?"

पुतळ्याचा चौथरा पप्पूने आधीच बांधला होता.

चावडी झाली, देऊळ झाले, पडद्यावरची नदीही वाहू लागली. माणूस मात्र फिरकेना. पप्पूचे बाहुले कमानीखाली हात जोडून उभे असे. वाट चुकून आलेले परदेशी त्याला दगडाची मूर्ती समजत आणि दोन घटका न्याहाळून निघून जात. पप्पू त्याला स्वागत मानत असे.

माणसे आणली ती बिरदेवाने, तीही त्याच्या ध्यानीमनी नसताना. बिरदेव इनामगावचा. बाप हरिबा याने मेंढरे विकून शेती धरली होती आणि पोरगा सणसवाडीच्या कारखान्यात लागला होता. गुरुवारच्या सुट्टीला तो कॅफेत येई. त्याने कोणाला न विचारता मारुतरावनगरात मेंढ्या केल्या: चालणाऱ्या, एकमेकींच्या मागे जाणाऱ्या, पुढच्या मेंढीच्या गळ्यात वाजणारी घंटा. बाजाराला आलेल्या हरिबाला त्याने एकदा कॅफेत आणून पडद्यासमोर बसवले. म्हाताऱ्याने पडद्यावर बोट ठेवले.

"ही मागची लंगडत का चालती?"

"माझं चुकलंय आबा. नीट करतो."

"नगं करू. कळपात एक तशी असतीच."

त्या मेंढ्यांची वार्ता पसरली. पुण्यातल्या वसतिगृहांतली पोरे आली, सणसवाडीच्या खोल्यांतले कामगार आले. मस्कतला फिटर असलेला तालुक्यातलाच चांगदेव आला आणि त्याने नदीकाठी कांद्याचा मळा केला. मेंढ्यांना मळा काय ठाऊक? त्या सरळ त्यातून गेल्या.

"बिरदेवा, मेंढ्या आवर! कांदा तुडवला माझा."

"कांदा कुठाय चांगदेव? नुसतं हिरवं चित्र हाय."

"मग तुझ्या मेंढ्या कुठं दूध देत्यात? त्या तरी कशाला राखतो?"

दौंडला रेल्वेत असलेला मच्छिंद्र यात न बोलावता वकील म्हणून उतरला. "आरोपी मेंढीला चावडीवर हजर करा," त्याने लिहिले. "तिचं म्हणणं ऐकल्याबिगर निकाल न्हाई."

झाले. गावाचे दोन तट पडले, मळ्याचा आणि मेंढ्यांचा. चांगदेवाने कुंपण घातले, त्याला मच्छिंद्राने मेंढ्यांसाठी फाटक लावून दिले, फाटकावरून पुन्हा पंचायत बसली. ज्यांनी आपल्या खऱ्या गावची ग्रामसभा कधी पाहिली नव्हती, ते साहेबाची नजर चुकवून ऑफिसातून चावडीवर येऊ लागले. कोणी मेंढीचा जबाब लिहून आणी, कोणी कांद्याचा पंचनामा. शिव्याही इतक्या निगुतीने दिल्या जात, की वाचणाऱ्याने नवी शिवी शिकून जावे. एवढी जिती वस्ती शिरूर तालुक्यात त्या वर्षी दुसरी नसेल.

आणि पप्पू? त्याच्या कमानीकडे कोणी बघत नव्हते. भांडणाच्या भरात कोणीतरी लिहून गेले, "ते कमानीखालचं बुजगावणं जरा बाजूला घ्या, मेंढ्या बिचकत्यात." पप्पूने ते कितीदा तरी वाचले. मग त्याने सरपंचपदाची निवडणूक जाहीर केली. मेंढ्यांच्या तटाने मच्छिंद्राला उभा केला.

पप्पूला दुसऱ्यांदा पडणे परवडणारे नव्हते. शिवाय लहानपणापासून त्याने एकच मोठेपण ऐकले होते: खरा पुढारी निवडून येत नसतो, बिनविरोध येत असतो. तंटामुक्त गावाच्या योजनेचा तेव्हा नुकताच गाजावाजा सुरू होता, तोही त्याच्या कामी आला. त्याने मच्छिंद्राला आणि बिरदेवाला वाडीवरच्या आपल्या खऱ्या मळ्यात मटणाला बोलावले.

"गावात एकी पायजे," रस्सा वाढता वाढता तो म्हणाला. "मच्छिंद्रशेठ, तुम्ही तंटामुक्तीचे अध्यक्ष. बिरदेवा, तुझ्या मेंढ्या कोंडायला नदीपल्याड वाडगं बांधून देतो."

"म्हंजी गावाबाहेर?" बिरदेवाने विचारले.

"गावाबाहेर कशाला? नदीच्या पल्याड."

बिरदेवाने भाकरी रश्श्यात चुरली. पडद्यावरच्या जमिनीलाही यांना वेस लागते, हे त्याला आत्ता कळले. पण खाल्ल्या मिठाचा प्रश्न होता. त्याने मेंढ्या पल्याड हाकल्या. चांगदेवाच्या मळ्यात विहीर खोदून तिला त्याच्या आजीचे नाव दिले, की तोही राजी झाला. मच्छिंद्राने अर्ज मागे घेतला.

पप्पू बिनविरोध सरपंच झाला. पडद्यावर गुलाल उडाला. शिरूरच्या स्टँडसमोर खरा फ्लेक्स लागला, आणि लोक वर बघून एकमेकांना विचारू लागले, हे मारुतरावनगर कोणत्या तालुक्यात येते?

पहिल्या ग्रामसभेला सात-आठ जण आले. दुसरीला मच्छिंद्र एकटा. तंटामुक्तीच्या अध्यक्षापुढे एकही तंटा नव्हता, म्हणून तोही उठून गेला. पप्पूने रांगोळी स्पर्धा ठेवली, हळदीकुंकू ठेवले, आदर्श रहिवासी पुरस्कार जाहीर केला. पुरस्कार घ्यायलाही कोणी आले नाही. नदीपल्याड मेंढ्या आपल्या वाडग्यात गोल फिरत होत्या आणि त्यांचा धनी कॅफेत यायचा थांबला होता.

"काय झालं लोकांना?" पप्पूने बायकोला विचारले. सुलक्षणा दुपारी गल्ल्यावर बसे आणि पडद्यावर सगळे बघत असे.

"अहो, माणसं भांडायला येत होती," ती म्हणाली. "तुमचं तोंड बघायला न्हाई. ते तर फ्लेक्सवर फुकट दिसतंय."

हे एवढे वाक्य पप्पूच्या डोक्यात शिरले, पण शिरताना वाकडे झाले. भांडण हवे, असे त्याने ऐकले. कोणाशी, हे त्याला कळले नाही. त्याने 'रोखठोक' नावाचे दुसरे बाहुले तयार केले, डोक्याला मुंडासे, हातात काठी, आणि त्याच्या तोंडून स्वतःवरच आरोप टाकला: सरपंचाची कमान नदीच्या पात्रात आहे, ती अतिक्रमण आहे.

माणसे परत आली. ज्याने त्याने दुसऱ्याला कळवले. पप्पू शेजारशेजारच्या दोन संगणकांवर बसून एका हाताने आरोप करू लागला आणि दुसऱ्या हाताने खुलासे देऊ लागला. गंमत अशी, की आरोप त्याला फर्डे सुचत. कमान, चौथरा, वाडगे, मटण... स्वतःची सगळी लबाडी त्याला तोंडपाठ होती. खुलासे मात्र सुचत नसत. सरपंच म्हणून तो 'विरोधकांचे कारस्थान' यापलीकडे जाऊ शकला नाही.

शेवटी अविश्वास ठराव आला. रोखठोक सरपंच झाला आणि पप्पू, पप्पूकडूनच, सपशेल पडला.

त्या गुरुवारी बिरदेव कॅफेत आला. कमान पाडायचे ठरले होते. ती पडताच मोकळ्या झालेल्या जागेतून त्याने मेंढ्या गावात आणल्या, लंगडी सगळ्यांच्या मागे. चांगदेवाने मस्कतहून लगेच कांद्याच्या नावाने गळा काढला. मच्छिंद्रही दौंडहून मुद्दाम आला होता.

"हा रोखठोक कोण हाय, कळंना," तो चहा फुंकत म्हणाला. "पण गडी डोक्याचा. राग मानू नका पप्पूशेठ, तुमच्यात आन् त्याच्यात जमीन-अस्मानाचं अंतर हाय."

पप्पूची छाती फुगली आणि तशीच राहिली. तो मीच, असे एकदा म्हटले की संपले. सगळे हसत सुटतील आणि पुन्हा कोणी यायचे नाही. न म्हणावे, तर सरपंच भलताच. गल्ल्यावरून सुलक्षणा त्याच्याकडे बघत होती. तिला सगळे माहीत होते. तिने त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

एवढ्यात वाडीहून आलेले मारुतराव दारात उभे राहिले. फ्लेक्स उतरवलेला त्यांनी बाहेर पाहिला होता.

"पुन्हा पडलास व्हय?" त्यांनी विचारले. "आता कुणी पाडलं? भावकीनंच ना?"

पप्पूने दोन्ही पडद्यांकडे पाहिले. एकीकडे नवा सरपंच काठी टेकून उभा होता आणि गाव त्याला रामराम घालत होते.

"न्हाई आबा," तो म्हणाला. "बाहेरचा माणूस हाय कुणीतरी. आपल्या वळखीचा न्हाई."