न मोजलेले चार गॅलन

अनंत गेल्याचं मला ऑफिसात फोनवर कळलं. छप्पन्नावं वर्ष, झोपेतच गेला. "येतो," म्हणून मी फोन ठेवला आणि मनात हिशेब मांडत बसलो, की एक गोष्ट त्याच्याजवळ कबूल करायला मला किती रविवार मिळाले होते. तेरा वर्षं... म्हणजे पावणेसातशे.

आम्ही दोघं एकोणीसशे पासष्टच्या सुमाराला जुहूच्या धावपट्टीवर छोटं विमान चालवायला शिकत होतो. अंधेरीहून पहाटे सायकलने जायचं आणि तिथून परस्पर ऑफिस गाठायचं. अनंत विमानाभोवती पूर्ण फेरी मारल्याशिवाय आत बसत नसे. पंखांवरून हात फिरवी, चाकं दाबून बघे. मी चिडवायचो, "अरे, उडवायचंय की लग्नाला मुलगी बघतोयस?" तो म्हणे, "पडणार मी ना? मग बघणार पण मीच."

त्या सकाळी मात्र उशीर झाला होता. मी उतरलो, आता त्याची एकट्याने उडायची पाळी. "पट्टी घातलीस ना रे?" त्याने विचारलं. टाकीत लाकडी पट्टी बुडवून इंधन मोजायचा नियम होता, कारण काट्याचा भरवसा नसे. मी नोंदवहीवरून नुसती वजाबाकी केली होती. "घातली. चार गॅलन आहे. पळ लवकर." वहीत आधीच्या एका फेरीची नोंद व्हायची राहिली होती, हे मागाहून कळलं.

धावपट्टी मागे पडते न पडते तोच इंजिन गप्प झालं. अशा वेळी नवशिके मागे वळायला जातात, वेग घालवतात आणि कोसळतात. अनंत वळला नाही. नाक खाली घालून समोरच्या ओल्या वाळूत उतरला. विमान उलटलं, तो वाचला, पण डावा कोपर कायमचा आखडला आणि त्याचं उडणं संपलं. चौकशीत तो एवढंच म्हणाला, "टाकी मी बघितली नाही." नियमाने ते खरंच होतं. टाकी बघायची जबाबदारी उडवणाऱ्याची. मी त्या नियमाच्या आड गप्प उभा राहिलो... आणि दोन महिन्यांनी मला परवाना मिळाला.

पुढे अनंत दर रविवारी घरी नव्या शिकाऊ मंडळींना चार गोष्टी सांगू लागला. मीही जायचो, चहा प्यायचो, यायचो. तेराव्यानंतर वहिनींनी रविवारी सांगायच्या गोष्टींची त्याची वही माझ्या हातात दिली. "भावोजी, मंडळींना याच्या प्रती हव्यात. आकडे तेवढे तपासून द्या." पहिल्याच पानावर त्याने लिहिलं होतं : 'दुसऱ्याने मोजलंय म्हटलं तरी स्वतः मोजा. मी एकदा आळस केला आणि हात कामातून गेला.'

मी वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मला काय सांगताय? रविवारी दहाला ते सगळे अजून येतात. त्यांना सांगा."

गेल्या रविवारी गेलो. सहाजण चटईवर बसले होते, अनंतची खुर्ची तशीच रिकामी ठेवून. मी उभ्यानेच ते पान वाचलं आणि आळस कोणाचा होता ते सांगितलं. एकाने विचारलं, "आणि तुम्ही अजून उडवता?"

"हो," मी म्हणालो.